इंजिन नवं, काटा जुना

१९७३ला अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोल भडकलं. पुढे जीप, अ‍ॅम्बेसिडरमधलं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवणं वाढलं. अशा गाडीने आमच्या पेणहून खोपोलीमार्गे बोरघाट चढायचा, तर कूलंट किती तापलेलं चालेल? साधारण ८० ते ९५ अंश. पण सेन्सर एका इंजिनाचा, काटा दुसऱ्या गाडीचा असेल, तर तो ९० दाखवतो ते ११०ही असू शकतं. मग गॅसकेट उडतं, हेड बेंड होतं. तपासणी सोपी आहे. सेन्सर काढून काट्याला जोडलेलाच ठेवा, बॉडीला अर्थिंग द्या आणि उकळत्या पाण्यात बुडवा. पेण समुद्रसपाटीजवळ, म्हणजे तिथे १०० अंश. काटा कुठे थांबला, तिथे खूण करा. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच म्हणतो: आधी मोजमाप तपासा, मग आकड्यावर विश्वास ठेवा.