कपाळाची कातडी
मंडईत मेथीच्या जुड्या बघता बघता आईनं विचारलं, "पापण्यांचं ऑपरेशन करून घेऊ? फार उतरल्यात. पण या वयात लोक हसतील."

मी कोड लिहिणारा माणूस. घरी येऊन वाचत बसलो.

ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी या बैल हाकणाऱ्याची हकिगत आहे. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून नवं बसवलं. पत्रात कारागिराची जात आहे, नाव नाही! ते वाचून कार्प्यूनं १८१४मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. १८१८मध्ये, इकडे पेशवाई बुडाली त्याच साली, जर्मनीत ग्रेफेनं पापणीच्या शस्त्रक्रियेला 'ब्लेफॅरोप्लास्टी' म्हटलं.

आईला सगळं सांगितलं.

"त्याला नाकच नव्हतं रे," मेथी निवडत ती म्हणाली.