मुंबईचे सात पेशीवंश : भ्रूण, नीती आणि सरकारी पैसा

१/ ९ ऑगस्ट हा आपला क्रांतिदिन. २००१ साली याच तारखेला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एक निर्णय जाहीर केला आणि त्याचे धागेदोरे मुंबईपर्यंत येऊन पोहोचले. प्रश्न असा होता : मानवी भ्रूण नष्ट करून मिळवलेल्या मूलपेशींवरील संशोधनाला जनतेच्या करातून पैसा द्यावा काय?

२/ १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रथमच प्रयोगशाळेत वाढवल्या. शरीरातील कोणतीही पेशी घडवण्याची क्षमता त्यांच्यात असते. मात्र त्या मिळवताना पाच-सहा दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. सारा वाद येथेच सुरू झाला.

३/ बुश यांनी मधला मार्ग काढला. त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या पेशीवंशांनाच केंद्रीय निधी, नव्यांना नाही. लगेचच जगभरातील दहा संस्थांच्या ६४ पेशीवंशांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे ७ आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे ३ होते!

४/ प्रत्यक्षात त्या यादीतील सुमारे वीसच पेशीवंश संशोधकांच्या हाती पडले. त्यांत मुंबईचा एकही नव्हता. २००९ मध्ये बराक ओबामा यांनी ही मर्यादा उठवली.

५/ आपल्याकडे या कथेची मुळे सार्वजनिक संस्थांत आहेत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळी बालिका जन्मली. परळची सरकारी प्रजनन संशोधन संस्था त्यात सहभागी होती. पुढे त्याच संस्थेत ‘काइंड-१’ व ‘काइंड-२’ हे मानवी पेशीवंश तयार झाले.

६/ नियम मात्र मागाहून आले. मूलपेशींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००७ ची. उपचारानंतर उरलेले भ्रूणच वापरावेत, दांपत्याची लेखी संमती असावी, पैशाचे आमिष नसावे आणि चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवू नये, असा त्यांचा आशय.

७/ ऊर्जानगरात बसून हे का लिहावे? कारण चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. या आजारावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते. त्यात दात्याच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी वापरतात, भ्रूण नव्हे. ‘मूलपेशी’ या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी विकल्या जातात, तेव्हा हताश आईबाप फसतात.

८/ म्हणून २०१७ ची तत्त्वे लक्षात ठेवावीत : मान्यताप्राप्त रक्तविकारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णावरील वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत.

९/ सरकारी निधी आला की हिशेब, संमतिपत्र आणि नीतिसमिती यांची विचारणा करण्याचा अधिकार नागरिकाला मिळतो. निधी नाकारल्याने संशोधन थांबत नाही. ते खासगी दाराआड जाते. भ्रूणाचा नैतिक दर्जा काय, यावर आपले मतभेद राहतील. पण तो वाद उघड्यावर व्हावा, एवढी मागणी तरी आपण करू शकतो. आपले मत अवश्य कळवा.