कपाटांची डागडुजी

कपाटांची डागडुजी : घरगुती वापरातील लाकडी, प्लायवूडच्या अथवा पत्र्याच्या कपाटांत वापराने, दमटपणाने किंवा कीटकांच्या उपद्रवाने उत्पन्न झालेले दोष दूर करणे व कालमानाप्रमाणे त्यांच्या रचनेत आणि बाह्यांगात फेरफार करणे, या उभय कामांचा समावेश या सदराखाली होतो. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीत बसविलेले फडताळ, पुढे सुटे उभे सागवानी कपाट आणि गोदरेज कारखान्याने १९२३ साली पोलादी कपाटांची निर्मिती सुरू केल्यानंतर हळूहळू घरोघर पोचलेले लोखंडी कपाट, हे या वस्तूचे मुख्य प्रकार होत. पुढील विवेचन प्रामुख्याने लाकडी कपाटास अनुलक्षून आहे.

दोषांची कारणे : लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते, हा फेरफार रेषांच्या दिशेने नगण्य, परंतु त्यांना आडवा लक्षणीय असतो, आणि त्यातही वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेत तो त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट भरतो. आषाढ-श्रावणात झडपा घासतात व खण अडतात ते यामुळेच. अशा अडलेल्या झडपेवर भर पावसात रंधा मारल्यास तीच झडप चैत्रात चौकटीपासून बोटभर सुटलेली दिसते. म्हणून त्या दिवसांत कडेला मेण चोळून वेळ निभावून न्यावी आणि तासण्याचे काम हवा कोरडी झाल्यावर, तेही आवश्यक वाटल्यासच, हाती घ्यावे, हा जाणत्या सुतारांचा परिपाठ आहे. दुसरे कारण कीटकांचे. सागाच्या अंतःकाष्ठास वाळवी सहसा लागत नाही, परंतु त्याच्या बाहेरील फिकट रसकाष्ठास आणि काटकसरीने हलक्या लाकडाच्या लावलेल्या पाठफळीस हे संरक्षण नसते. वाळवी भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधीत येते, तर घुण बारीक वाटोळी छिद्रे पाडून खाली पिठासारखा भुसा सांडतो. कपाट पुढे ओढून पाठफळी पटाशीच्या मुठीने ठोकून पाहिली असता किडलेल्या जागी आवाज बद्द येतो. भिंतीची ओल न काढता केवळ फळी बदलल्यास नव्या फळीचीही तीच गत होते, हे ध्यानी घेऊन कपाटाच्या डागडुजीस बहुधा भिंतीपासून प्रारंभ करावा लागतो.

सांधे व बिजागऱ्या : जुनी कपाटे खाचेत कूस बसवून व सरस लावून जोडलेली असतात. सरस हा जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ असून तो ऊन पाण्याने सुटतो. त्यामुळे ढिला झालेला सांधा न मोडता उकलता येतो, साफ करून पुन्हा जोडता येतो. हाच सांधा खिळा ठोकून आवळण्याची घाई केली तर कूस चिरते आणि पुढील दुरुस्ती दुष्कर होते. १९५९ पासून बाजारात असलेल्या फेविकॉलासारखा पांढरा गोंद थंडच लावता येतो व पक्का धरतो. मात्र जुन्या सरसाच्या थरावर तो नीट बसत नसल्याने तो थर खरवडून लाकूड उघडे करावे लागते, आणि असा सांधा पुन्हा सोडविणे कठीण असते. बिजागरीच्या स्क्रूची भोके मोठी झाली असल्यास त्यांत सागाची अथवा बांबूची खुंटी गोंदासह ठोकावी, ती सुकल्यावर सपाट कापावी व गिरमिटाने नवे बारीक भोक पाडून जुनीच बिजागरी बसवावी.

पृष्ठभाग : पॉलिश कोणते आहे हे ठरविण्यासाठी आतील न दिसणाऱ्या जागी स्पिरिटात भिजविलेला कापूस क्षणभर दाबून धरावा, लाखेचे पॉलिश असल्यास ते चिकट होऊन कापसास तांबूस रंग लागतो, वार्निश असल्यास तसे सहसा होत नाही. पहिल्या प्रकारात सर्व थर उतरविण्याचे कारण नसते. चपडी लाख स्पिरिटात विरघळवून, कापूस गुंडाळलेल्या मऊ फडक्याने पातळ हात फिरवीत गेल्यास नवा थर जुन्यात मिसळून जातो. हे काम दमट हवेत केल्यास पॉलिश पांढरे पडते. घुणावरील बोरॅक्स व बोरिक ॲसिडाचे द्रावण पॉलिशापूर्वी, उघड्या लाकडावरच लावावे, कारण पॉलिशाचा थर ते आत मुरू देत नाही. अळशीच्या उकळलेल्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत. फार जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो (भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली), यास्तव तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. पत्र्याच्या कपाटाचा गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून, रेड ऑक्साइडचे अस्तर देऊन मगच रंग लावावा.

नूतनीकरण : स्वयंपाकघरातील कपाटांच्या झडपा तेवढ्या बदलून सांगाडा कायम ठेवण्याची रीत अलीकडे रूढ आहे. प्लायवूडच्या झडपेस केवळ दर्शनी बाजूने सनमायका चिकटविल्यास ती वाकते. दोन्ही अंगांस थर देऊन ताण समतोल राखावा लागतो. छुप्या बिजागरीसाठी बहुधा ३५ मिमी. व्यासाची वाटोळी खाच घेतात. मोरीलगतच्या कपाटासाठी आयएस ७१० या मानकाचे जलरोधक प्लायवूड योग्य ठरते.

चौकट व उभे खांब शाबूत असल्यास फळ्या, झडपा व पाठ बदलूनही कपाट दीर्घकाळ टिकते. चौकटच कुजली असेल तर मरामतीचा खर्च वाया जातो. अशा वेळी कपाट उकलून चांगल्या सागवानी फळ्या, पितळी कड्या व बिजागऱ्या वेगळ्या काढून दुसऱ्या कामी लावणे अधिक श्रेयस्कर, कारण पुरता मुरलेला जुना साग नव्याइतका आकसत वा वाकत नाही.