डाखकामांतील तिसरा हात

डाख देणाऱ्यास तीन हात हवेत : एक तापलेल्या सोल्डरिंग आयर्नसाठीं, एक डाखाच्या तारेसाठीं, तिसरा सुट्या भागासाठीं. डाख थिजतांना भाग केसभर हालला तरी सांधा कच्चा राहतो. नवशिक्याचें पहिलें अपयश बहुधा हेंच. जुन्या रेडिओंत तारेचें टोंक टॅगच्या भोकांतून ओवून आधीं आवळीत, मग डाख देत. काम वेळखाऊ, पण पक्कें. १९४९ सालीं अमेरिकेच्या सैन्यांतील सिग्नल कोअरचे डँको व अब्रॅमसन यांनीं निराळी रीत काढली. तांब्याची नक्षी असलेल्या फळीच्या छिद्रांत भागांचे पाय ओवून सारे सांधे वितळलेल्या डाखांत एकदम बुडविले. आजहि शिकाऊ कारागीर पाय ओवून मागें किंचित् वांकवितो. फळी उलटली तरी भाग पडत नाहीं, आणि दोन्ही हात मोकळे राहतात.