‘काढणे’ आणि ‘काढून घेणे’ : परक्याच्या छायाचित्राचा शिष्टाचार

छायाचित्रणासाठी आपल्या भाषांनी नवे क्रियापद घडवले नाही. हाताशी असलेल्या क्रियापदांनाच नवा अर्थ दिला. हिंदीत फोटो ‘खींचतात’, गुजरातीत ‘पाडतात’, बंगालीत छबी ‘तोलतात’ म्हणजे उचलतात, आणि मराठीत फोटो ‘काढतात’. ही सर्व क्रियापदे छायाचित्रकाराची कृती सांगतात. ज्याचे छायाचित्र घेतले जाते त्याची इच्छा सूचित करण्यासाठी हिंदीला ‘खिंचवाना’ हे प्रयोजक रूप वापरावे लागते, तर मराठीला ‘काढून घेणे’ हे संयुक्त क्रियापद. परक्या माणसाचे छायाचित्र घेण्याच्या शिष्टाचाराचा प्रश्न या दोन रूपांमधील अंतराचा आहे, आणि त्या अंतराला इतिहास आहे.

मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ साली, दोन खंडांत, मुंबईतील रहिवासी आणि आगंतुक यांच्या ‘जाती-जमातीं’चा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. वेगळ्या ठिकाणी टिपलेल्या व्यक्तिसमूहांना शहरातील दृश्यांची पार्श्वभूमी जोडून त्यातील चित्रे सिद्ध करण्यात आली होती. त्या काळातील ओल्या कलोडियनच्या काचेवर प्रतिमा उमटेपर्यंत माणसाला निश्चल राहावे लागे; त्यामुळे त्याच्या नकळत त्याला टिपणे जवळजवळ अशक्य होते. तरीही समोर उभे राहणे म्हणजे संमती, असे म्हणता येत नाही. आपण कोणत्या पार्श्वभूमीवर आणि कोणत्या मथळ्याखाली दिसणार, हे ठरवणे त्या माणसाच्या हाती नव्हते.

१८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आठ खंडांत प्रकाशित झाला. त्यातही बहुसंख्य व्यक्ती स्वतःच्या नावाने नव्हे, तर जातीच्या वा जमातीच्या नावाने येतात. १८६९ साली लंडनमध्ये इंडिया ऑफिसात सर सय्यद अहमद खान यांच्या पाहण्यात हा ग्रंथ आला. तो चाळणाऱ्या त्यांच्या मुलाला, सय्यद महमूद यांना, एका तरुण इंग्रजाने ‘तुम्ही हिंदुस्थानी का?’ असे विचारले. महमूद यांनी होकार दिला. परंतु ते संकोचले आणि आपण येथील आदिवासी नसून आपले पूर्वज अन्य देशातून आल्याचा खुलासा त्यांनी तत्परतेने केला. सर सय्यद यांनी स्वतः पत्रातून कळवलेला हा प्रसंग दुहेरी अर्थाने बोलका आहे. परक्याच्या छायाचित्राने आपलाही परिचय ठरतो, ही वेदना त्यात आहे. मात्र ज्यांची छायाचित्रे होती त्यांच्या वतीने तक्रार त्यात नाही.

१८८८ साली कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला आणि नकळत टिपणे सुलभ झाले. १८९० साली वॉरेन आणि ब्रँडाइस या अमेरिकी विधिज्ञांनी खासगीपणाच्या हक्काविषयीचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला, तेव्हा तत्क्षणी टिपलेली छायाचित्रे हे त्यांच्या चिंतेचे एक कारण होते. वसाहतीतील माणसे त्यापूर्वी अनेक वर्षे अशा ग्रंथांची पृष्ठे भरत होती. पाश्चात्त्य विधिविचाराला या प्रश्नाची निकड भासली ती पाश्चात्त्य मध्यमवर्गाचा चेहरा कॅमेऱ्यात सापडू लागल्यावर. भारतात २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. केवळ सार्वजनिक स्थळी असल्यामुळे माणूस तो गमावत नाही, असेही त्या निकालातील प्रमुख मतात म्हटले आहे.

न्यायालय हक्क सांगते. शिष्टाचार मात्र दोन माणसांमध्ये घडावा लागतो. मराठीतील ‘काढून घेणे’ या क्रियापदाला आणखी एक अर्थ आहे : दुसऱ्याच्या हातचे हिरावणे. ‘तिने फोटो काढून घेतला’ या वाक्यात इच्छा आहे. ‘तिच्याकडून काढून घेतला’ यात अपहार आहे. छायाचित्र पाहून यांतील कोणते वाक्य खरे, हे नेहमी कळत नाही. म्हणून अनामिकांच्या छायाचित्रांचा अभ्यास करणाऱ्याने चित्राइतकेच त्याच्या मथळ्याचेही वाचन करावे, आणि तेथे व्यक्तीचे नाव का नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा.