जुन्या लाकडाचा काळा रंग आला कोठून? जवस, लाख आणि धूर

कारंजा लाड येथील चंद्रनाथस्वामी काष्ठासंघ दिगंबर जैन मंदिर लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. काही परंपरा 'काष्ठा' या नावाचा संबंध लाकडी मूर्तीशी लावतात, तर काही अभ्यासक यमुनाकाठच्या त्याच नावाच्या गावाशी. तो वाद बाजूला ठेवू. या धाग्याचा प्रश्न साधा आहे: कोरून झालेले कोरे लाकूड पुढे टिकवायचे कसे?

कोरे लाकूड पावसाळ्यात हवेतील ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. भेगा पडतात त्या या हालचालीमुळे. सागवानात निसर्गतःच तेलकट द्रव्ये असल्याने त्याला वाळवी सहसा लागत नाही. तरी तेही मळते आणि डागाळते. म्हणून लाकडावर काहीतरी चढवावे लागते, आणि त्यासाठी लागणाऱ्या दोन मुख्य वस्तू विदर्भाच्या मातीतच पिकत आल्या आहेत.

पहिली वस्तू जवस. शेंगदाण्याचे तेल फळीला लावले तर ते महिनोन्महिने चिकट राहते. जवसाचे तेल मात्र वाळते. खरे तर 'वाळते' हा शब्दही पुरेसा नाही. त्यातील सुमारे निम्मे मेदाम्ल लिनोलेनिक असते. ते हवेतील प्राणवायू घेते, रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. ही क्रिया लवकर व्हावी म्हणून पूर्वी तेल मुर्दाडशिंगासह, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडसह, उकळत असत. शिसे विषारी आहे हे येथे विसरू नये. रंगाऱ्यांच्या बोलीतील 'बेलतेल' हे अशाच उकळलेल्या तेलाचे नाव.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. वऱ्हाडचा इतिहास म्हटला की कापसाचीच चर्चा होते. पण याच मार्गांनी मध्य भारतातील जवसही युरोपला जात होते. तेथे रंग आणि वार्निश यांच्या जोडीला १८६० च्या दशकात जवसाच्या तेलापासून लिनोलियम ही जमिनीवर अंथरण्याची वस्तू तयार होऊ लागली होती. म्हणजे इकडच्या शेतातले जवस लंडनच्या घरात पायांखाली पसरले जात होते.

दुसरी वस्तू लाख. पळस आणि कुसुम या झाडांवरील इवल्या किड्याचा हा स्राव. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात तो गोळा होतो. शुद्ध केलेली लाख म्हणजे चपडी. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लाकडावर चोळत राहिले की आरशासारखी चकाकी येते. या पद्धतीला 'फ्रेंच पॉलिश' म्हणतात. कच्चा माल बहुतांशी भारताचा, नाव मात्र फ्रान्सचे!

दिवाणखान्याला शोभणारी ही चकाकी स्वयंपाकघरात टिकत नाही. गरम भांडे टेकले वा वाफ लागली की लाखेवर पांढरा डाग उमटतो. चुलीच्या घरात तुळया आणि फडताळांना वेगळाच थर मिळत असे: धूर, काजळी आणि तेलकट हातांचा. जुन्या वाड्यांतील लाकडाचा जो गडद रंग आज 'पारंपरिक' म्हणून नव्या कपाटांवर उतरवला जातो, त्यात अनेकदा सुताराच्या हेतूपेक्षा चुलीचाच वाटा मोठा असतो. या काळेपणाकडे मळ म्हणून पाहून कोरीव खांबांवर ऑइलपेंट फासले गेले, त्यात बारीक नक्षी बुजली. तो रंग खरवडताना तर नक्षीच्या कडाच जातात. त्यामुळे जुन्या कामावर हौशी हात न चालवणेच बरे.

नव्या, कोऱ्या कपाटावर मात्र शिकण्यास हरकत नाही. आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासले तर रंग चढल्यावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. भुसा पुसावा. सागवान असेल तर थिनरच्या फडक्याने वरचा तेलकटपणा काढावा, नाहीतर त्यावरचा थर वाळायला वेळ घेतो. रंग प्रथम त्याच लाकडाच्या तुकड्यावर पाहावा. मग बेलतेलाचा पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पूर्ण पुसावे. नवशिक्यांचे काम बहुधा येथेच फसते: जाड थर वरून सुकतो आणि आत चिकट राहतो. दोन हातांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा. पावसाळ्यात त्याहून अधिक.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. लाकडावरील थर घट्ट करणारी तीच प्राणवायूची क्रिया बोळ्यात उष्णता साठवते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात भिजवाव्यात, किंवा बाहेर मोकळ्या जागी एकेक सुटी पसरून वाळवाव्यात.