अंबादास : अकोला, ऑस्लो आणि न मिसळणारे द्रव

साठोत्तरी साहित्य शिकवताना आम्ही लघुनियतकालिकांची चळवळ तपशिलाने सांगतो; त्याच दशकात चित्रकलेत काय घडत होते, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच येतो. म्हणूनच अंबादास खोब्रागडे हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित राहते. हिंगोलीत बसून लिहिताना ही गोष्ट अधिकच बोचते, कारण हा चित्रकार आमच्या शेजारचा.

अंबादास यांचा जन्म 1922 साली अकोल्यात झाला. त्या वेळी वाशीमचा मुलूख अकोला जिल्ह्यातच असल्यामुळे त्या जिल्ह्याची हद्द पैनगंगेपाशी आमच्या हिंगोलीला भिडत असे. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड. दोन राजवटी, पण दोन्ही तीरांवर मराठी बोलणारा समाज! दुहेरी वारसा ही गोष्ट परदेशी गेल्यावरच सुरू होते, असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1952 साली त्यांनी पदविका घेतली. पुढे विणकर सेवा केंद्रातही काम केले. 1962 साली भावनगर येथे जमलेल्या चित्रकारांनी जो गट स्थापन केला, त्याचे ते एक संस्थापक. ज्या घरात बैठक झाली त्याचा क्रमांकच गटाचे नाव ठरला : ‘ग्रुप 1890’. जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, गुलाम मोहम्मद शेख, हिम्मत शहा प्रभृती बारा जणांच्या या गटाचे एकमेव प्रदर्शन ऑक्टोबर 1963 मध्ये दिल्लीत भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी लिहिली.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या गटाचा जाहीरनामा. रविवर्म्याचा वास्तववाद आणि बंगाल शैलीचा आदर्शवाद त्याने नाकारलाच. शिवाय युरोपीय आधुनिकतेच्या संकल्पना लादून निर्माण होणारी संकरित शैलीही नाकारली. दहा वर्षांच्या आत, 1972 साली, याच जाहीरनाम्याशी बांधलेले अंबादास नॉर्वेला स्थायिक झाले आणि 2012 साली ऑस्लो येथे निवर्तले. संकर नाकारणाऱ्या कलावंताने चार दशके युरोपात काय केले?

सोपे उत्तर असे की, त्यांच्या कॅनव्हासवरील एक थर वऱ्हाडच्या उन्हाचा आणि दुसरा नॉर्वेच्या हिमाचा. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. लाटेसारखे वळत जाणारे त्यांचे फटकारे, एकाखालून डोकावणारा दुसरा रंग, ही सारी भाषा साठच्या दशकात भारतातच सिद्ध झाली होती. सहजासहजी एकजीव न होणारी रंगद्रव्ये आणि द्रावणे ते एकत्र आणत. रंग फाटतो, सरकतो, आणि त्या विलगतेतूनच रेषा उमटते. देश बदलला तरी ही पद्धती त्यांनी सोडली नाही. दुहेरीपण असलेच तर ते प्रतिमांत नाही, या प्रक्रियेत आहे. दोन द्रव शेजारी राहतात आणि कोणीही दुसऱ्यात विरघळून जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. जे. जे. मध्येच शिकलेल्या अरुण कोलटकरांचे इंग्रजी ‘जेजुरी’ 1976 साली आले आणि ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह 1977 साली. एका भाषेतील कोलटकर दुसरीतील कोलटकरांची छाया नव्हेत. तरीही आपण द्वैभाषिक कवीत मुळे कुठली आणि फांद्या कुठल्या, याची वाटणी करीत बसतो.

या वाटणीची किंमत मोठी आहे. अंबादास नॉर्वेला गेले म्हणून मराठी कलेतिहासाने त्यांना बाहेरचे मानले, तर नुकसान त्यांचे नव्हे, आपले होते. साठोत्तरी कालखंडाच्या तासाला त्यांचे एक चित्र विद्यार्थ्यांसमोर ठेवावे आणि ‘हे कुठले?’ असे न विचारता ‘हे कसे घडले?’ असे विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.